सरळ केलेलं हँडल

शनिवारी संध्याकाळी पोस्टमनभाऊ ब्रेक दुरुस्त करून आणलेल्या सायकलवर बसले आणि रस्त्याला वळण नसताना वळून गटारात गेले. त्यांनी सायकल बाहेर काढली आणि ब्रेक दाबून पाहिला. ब्रेक उत्तम लागत होता. फक्त तो दाबायचं सुचेपर्यंत गटार आलं होतं.

घरी पोचेपर्यंत सायकल आणखी तीनदा डावीकडे गेली.

"अहो, पँटला काय झालं?" बायकोने विचारलं.

"सायकल गटारात गेली."

"आणि तुम्ही?"

"मी वर बसलो होतो."

बायकोने सायकलभोवती एक फेरी मारली. "हँडल वाकडं बसवलंय. डावी मूठ पुढे आलीय बघा. मिस्त्रीला जाऊन सांगा."

"त्याने आपणहून सरळ करून दिलंय ते. वाकडं कसं म्हणू?"

हीच खरी अडचण होती. सायकल पंक्चरसाठी येवो नाहीतर चेनसाठी, मिस्त्री ती परत देताना तिचं हँडल स्वतःच्या नजरेने सरळ करून द्यायचा आणि त्याबद्दल आभारसुद्धा मानू द्यायचा नाही. त्यातून भाऊंनी जन्मात कुणाला दुखावलं नव्हतं. चुकीच्या पत्त्याचं पत्र परत घेतानाही ते माफी मागायचे.

पण सोमवार तोंडावर आला होता. पंचावन्नच्या वरच्या पोस्टमनला दरवर्षी पोस्टाच्या आवारात चुन्याच्या रेघेवरून सायकल चालवून दाखवावी लागे. चाक रेघेबाहेर गेलं की पिशवी काढून घेत आणि आतल्या खोलीत शिक्के मारायला बसवत. त्या खोलीला खिडकी नव्हती. दोन वर्षांपूर्वी तिथे बसवलेला सहकारी आता शिक्क्याशी बोलायचा. भाऊ एकतीस वर्षं दारोदार हिंडलेले. त्यांना माणसांशी बोलायची सवय होती.

रविवारी सकाळी ते दुकानात गेले. "मिस्त्री, ब्रेक झकास झालाय."

"होणारच."

"घंटीही छान वाजतेय."

"तेल घातलं तिला."

"फक्त..."

"बोला ना भाऊ, आपलंच दुकान आहे."

"फक्त सायकल मला जरा डावीकडे नेते."

मिस्त्रीने सायकल सोडून भाऊंकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं. "सीट खाली असणार," म्हणाला आणि सीट चार बोटं वर केली. भाऊ चौकापर्यंत जाऊन आले. आता ते उंचावरून डावीकडे जात होते. मग मिस्त्रीने हवा भरली. त्यामुळे डावीकडे जाण्याचा वेग वाढला.

शेवटी मिस्त्री स्वतः सायकलवर बसला. गल्लीच्या टोकापर्यंत ताणलेल्या दोरीसारखा सरळ गेला आणि येताना तर एका हाताने कान खाजवत आला. तेव्हा भाऊंच्या लक्षात आलं. मिस्त्री कधीकाळी शिडीवरून पडला होता, तेव्हापासून त्याचा डावा खांदा खाली आणि पुढे आलेला होता. हँडल त्याच्या खांद्याला अगदी सरळ होतं.

"सरळ आहे की नाही?" मिस्त्रीने विचारलं.

"एकदम," भाऊ म्हणाले. माणसाला त्याचं काम वाकडं झालं असं एक वेळ सांगता येतं. तो स्वतःच वाकडा आहे असं कोणत्या तोंडाने सांगणार?

घरी बायकोने पाना पुढे केला. भाऊंनी बोल्ट सैल करून हँडल फिरवलं, पुन्हा कसलं आणि अंगणात आठ सरळ फेऱ्या मारल्या. त्या रात्री त्यांना शांत झोप लागली.

सोमवारी ते वेळेत पोस्टाजवळ पोचले. मिस्त्रीचं दुकान नेमकं फाटकासमोर होतं.

"भाऊ, थांबा. हँडल फिरलंय तुमचं."

"राहू द्या मिस्त्री, उशीर होईल."

"परीक्षेच्या दिवशी असं जाऊ देईन होय? लोक मला काय म्हणतील?" एवढं बोलेपर्यंत पुढचं चाक मिस्त्रीच्या गुडघ्यांत होतं. दोन हिसके, पान्याचे तीन फेरे, की काम झालं. भाऊंनी सवयीने आभार मानले आणि मिस्त्रीने सवयीने ते परत केले.

आवारात पोस्टमास्तर आपल्या सायकलीशेजारी खुर्चीत नेहमीसारखे डावीकडे कलून बसले होते. फोन कानाला लावून लावून ते तसे झाले, असं कचेरीत सगळे मानत. त्यांनी हात वर केला. भाऊ निघाले. पाचव्या हातावर चाक रेघेवरून सरकू लागलं आणि आतल्या खोलीतून शिक्क्याचा आवाज आला. भाऊंनी घाबरून वर पाहिलं. फाटकापलीकडे मिस्त्री कौतुकाने बघत उभा होता, डावा खांदा खाली, जरासा पुढे. भाऊंनीही आपला खांदा तसाच टाकला. चाक रेघेवर आलं. ते टोकापर्यंत गेले, वळले आणि रेघेवरूनच परत आले.

पोस्टमास्तरांनी त्यांना जवळ बोलावलं. "खांदा दुखतो का?"

"नाही साहेब."

"मग असे काय बसता?"

भाऊंची नजर हँडलकडे गेली. पोस्टमास्तरांनीही तिकडे पाहिलं. मग त्यांनी आवाज खाली आणला. "समोर दुरुस्त केली?"

"हो साहेब."

"त्याला काही बोलला नाहीत ना?"

"नाही साहेब."

"बरं केलंत. सहा वर्षं झाली, मीही बोललेलो नाही." त्यांनी कागदावर सही केली.

भाऊ पिशवी लटकवून बाहेर पडले. खांदा अजून खालीच होता, कारण रस्त्यावर रहदारी होती. मिस्त्रीने दुकानातून हात केला.

"भाऊ, आज कसे अगदी सरळ बसलात. एरवी उजवीकडे कललेले असता. बरेच दिवस सांगेन म्हणत होतो, पण म्हटलं, जाऊ दे, उगाच तुम्हाला वाईट वाटायचं."