बारा गिलास पाणी

काचेच्या पेटीतल्या तराजूचा काटा अकरा वाजून दहा मिनिटांनी डावीकडे दीड घर सरकला, थोडा थरथरला आणि परतताना मध्यावर न थांबता उजवीकडे अर्धं घर जाऊन स्थिरावला. पेटीची दारं बंद होती. पंखा बंद होता. शैलाने श्वाससुद्धा बेतानेच घेतला होता. तिने वहीत वेळ लिहिली आणि खिडकीबाहेर पाहिलं. भट्टीकडून निघालेली स्लॅगची, म्हणजे लोखंडाच्या वितळलेल्या मळीची, गाडी धडधडत चालली होती.

म्हणजे हात थरथरत नव्हता. जमीन थरथरत होती!

हे सिद्ध करायला तिच्याकडे दुपारी चारपर्यंतचा वेळ होता. नागपूरहून एम.एस्सी. होऊन ती भिलाईच्या पोलाद कारखान्यातल्या या प्रयोगशाळेत लागली, त्याला आज सहा महिने होत होते. तिला नोकरीत कायम करायचं की परत पाठवायचं, तो फॉर्म चारच्या डाकेने वर जायचा होता. त्यातल्या शेऱ्याच्या रकान्यात प्रयोगशाळेचे प्रमुख देवघरे साहेबांनी काल पेन्सिलीने लिहून ठेवलं होतं, ‘वजनं जुळत नाहीत. बाईंचा हात थरथरतो.’ साहेबांचं टेबल पुसणाऱ्या फकिराने ते वाचलं आणि जेवणाचे डबे उघडायच्या आत साऱ्या प्रयोगशाळेला पाठ झालं. शाईने हेच लिहायचं का, असं कारकुनाने विचारलं, तेव्हा साहेब म्हणाले, “बघू.”

साहेब सगळ्यालाच ‘बघू’ म्हणत. तराजू खिडकीपासून हलवायचा कागद, शैला येण्याच्याही आधीपासून, चौदा महिने त्यांच्याकडे होता. त्याच्यावर नऊ वेळा ‘बघू’ लिहून झालं होतं, तेही दर वेळी नवीन तारखेसह!

शैला ज्या मावशीकडे सेक्टर सहाच्या क्वार्टरमध्ये राहत होती, त्या सिंधुताईंना तिने पहिल्याच आठवड्यात सांगितलं होतं, “पंधरा दिवसांत मी त्या तराजूला शिस्त लावते.”

“आधी पक्की हो,” सिंधुताई म्हणाल्या होत्या, “मग शिस्त लावजो.”

आणि पहिल्याच दिवशी, प्रयोगशाळेतले सर्वांत जुने मदतनीस मारोतराव यांनी चहा पाजून तिला तीन नियम सांगितले होते.

“बाई, तुमी नव्या आहा म्हणून सांगतो. एक, साहेब बघू म्हणाले का ते काम मेलं समजाचं. रडाचं नाही. दोन, साहेबाले खरं सांगाचं नाही, जोवर ते इचारत नाहीत. आन ते इचारत नाहीत. तीन, त्यायच्या खोलीतल्या काळ्या ओट्याकडं पाहाचं नाही.”

“ओट्यावर काय आहे?”

“सुरई आहे, टेलिफोन आहे. पाहाचं नाही म्हणलं तर इचारता कावून?”

शैलाने नियम वहीत उतरवून घेतले होते. आज तिने ते पान उलटलं आणि कोऱ्या पानावर लिहिलं, ‘प्रयोग.’

प्रयोग अगदी साधा होता. प्रत्येक खोलीत काठोकाठ पाण्याचा एक गिलास ठेवायचा. गाडी गेली की पाण्यावर तरंग उठतात का पाहायचं. जिथे उठत नाहीत, तिथे तराजू न्यायचा. बारा खोल्या, बारा गिलास. इतका स्वच्छ प्रयोग तिने कॉलेजातही केला नव्हता!

गिलास कँटीनचे होते. फकिराने ते उचलून आणले, भरले, आणि प्रत्येकाखाली शैलाच्या सुवाच्य अक्षरातली चिठ्ठी ठेवली, ‘हलवू नये. हलल्यास कळवावे.’

इथून प्रयोग शैलाच्या हातातून सुटला.

“फकिरा, हे काय लावून राहिला?” टायपिस्टने विचारलं.

“बाई बिल्डिंग तपासून राहिल्या. पाणी हाललं का लगेच सांगाचं.”

“हाललं तर काय होते?”

फकिराला ते ठाऊक नव्हतं, पण ठाऊक नाही असं म्हणायची त्याला सवय नव्हती. तो नुसता छताकडे पाहून चुकचुकला.

अकरा चव्वेचाळीसला पुढची गाडी आली. अकरा खोल्यांत अकरा गिलासांवर सुंदर, वर्तुळाकार तरंग उठले. शैला आनंदाने खोलीखोलीतून धावत ओरडत होती, “हललं का? हललं ना? छान!” प्रत्येक ‘छान’बरोबर एकेक खोली रिकामी होत होती!

टायपिस्ट टाइपरायटर पोटाशी धरून मुरमाच्या मैदानात उभा राहिला. नमुने दळणारे लोक घण घेऊन बाहेर आले. शेजारच्या स्टोअरमध्ये बातमी पोचली ती ‘भेग पडली’ म्हणून. स्टोअरने पुढे कळवली ती ‘एक बाजू बसली’ म्हणून. तेवढ्यात कँटीनचा धोंडबा तणतणत आला.

“माहे गिलास कुठी आहेत? तिथं शंभर लोक बिनचायचे बसले आहेत!”

“आत आहेत. पण जाऊ नको, बिल्डिंग पडून राहिली,” टायपिस्ट म्हणाला.

“गिलास आत, आन तुमी बाहेर?” धोंडबा किंचाळला. “माणसाच्या आधी गिलास काढा ना!”

या सगळ्या गोंधळात एकच माणूस शांत होता. देवघरे साहेब आपल्या खोलीत खूश होते, कारण फकिरा आज न सांगता पाणी आणत होता. बारावा गिलास ओट्यावर ठेवला की साहेब तो पिऊन टाकत. फकिरा चिठ्ठीचा हुकूम मानून पुन्हा भरी. साहेब पुन्हा पीत. तीन गिलास झाले तेव्हा ते म्हणालेसुद्धा, “शाबास! ही चिठ्ठी मात्र कशाला?”

मग टेलिफोन वाजला. पलीकडून स्टोअरचे अधिकारी म्हणाले, “देवघरे, तुम्ही अजून आतच? कमाल आहे बुवा तुमची! कप्तान असावा तर असा!”

साहेबांनी खिडकीतून पाहिलं. सारी प्रयोगशाळा मैदानात उभी राहून त्यांच्याकडे आदराने आणि थोड्या दुःखाने पाहत होती. आणि लाल धुळीचा लोट उडवत, घंटा वाजवत, आगीचा बंब येत होता!

बंब खिडकीला टेकून थांबला. इंजिन चालूच होतं. बंबावरचा बाबुलाल चार माणसं घेऊन साहेबांच्या खोलीत घुसला.

“साब, किधर गिर रही है बिल्डिंग?”

त्याच्यामागे शैला, तिच्यामागे मारोतराव आणि मारोतरावांच्या मागे, चौथा गिलास भरून, फकिरा.

“ही काय भानगड आहे, बाई?” साहेब गरजले.

शैलाचे कान लाल झाले. घड्याळात बारा वाजून अठरा मिनिटं, म्हणजे पुढच्या गाडीची वेळ झाली होती. कायम होण्याचा फॉर्म साहेबांच्या हाताखालीच पडला होता. ती हळू म्हणाली, “साहेब, एक मिनिट. फकिरा, तो गिलास ओट्यावर ठेवा. शेजारच्या खोलीतला एक आणून टेबलावरही ठेवा.”

स्लॅगची गाडी आली. बाहेर बंब गुरगुरत होता. टेबलावरच्या गिलासातलं पाणी थुईथुई नाचलं आणि काठावरून सांडलं. ओट्यावरच्या गिलासात सुरईचं प्रतिबिंब पडलं होतं. ते आरशात पडावं तसं जागच्या जागी उभं होतं!

“वा!” बाबुलाल म्हणाला. “ये तो पहाड़ है, साब.”

“हा ओटा इतका पक्का कसा?” साहेबांनी विचारलं.

सहा महिन्यांत शैलाने साहेबांना कामाचा प्रश्न विचारताना पहिल्यांदाच ऐकलं. मारोतरावांनी मात्र चौदा महिने त्याचीच वाट पाहिली होती. त्यांनी टोपी काढली, पुन्हा घातली, आणि दुसरा नियम साहेबांनीच मोडला होता, म्हणून उरलेले दोन एका दमात मोडले.

“साहेब, हा ओटा तराजूचा आहे. नकाशात ही तराजूचीच खोली आहे. खाली आठ फूट खोल खांब आहे, भिंतीले न शिवणारा. माह्यासमोर भरला. तुमी थंड खोली म्हणून चार दिवसासाठी बसले, आन तराजू गेला खिडकीत.”

“आणि हे मला आत्ता सांगता?”

“तुमी इचारलंच आत्ता, साहेब!”

कोणी हसलं नाही. फकिरा हसणार होता, पण त्याने तोंडात चिठ्ठी कोंबली.

“बंबावरचे चार जण आहेतच,” शैला म्हणाली. तिचा आवाज आता तिच्या अक्षरासारखा सरळ झाला होता. “तराजू आणू द्या. एकच वजन करून दाखवते.”

साहेब म्हणाले, “बघू.” आयुष्यात पहिल्यांदा त्या शब्दाचा अर्थ ‘दाखवा’ असा होता.

हलू नये म्हणून तिने तराजूची दांडी अडकवली, पारडी काढून घेतली, आणि चार धिप्पाड माणसांनी ती काचेची पेटी नवरीच्या पालखीसारखी आणली. सुरई खाली उतरली. टेलिफोन फकिराच्या मांडीवर गेला. शैलाने पायाचे स्क्रू फिरवून पातळी दाखवणारा बुडबुडा मध्यावर आणला, पारडी लावली आणि चिमट्याने मूस, ते चिमुकलं चिनीमातीचं भांडं, उचलून पारड्यात ठेवली. पहिलं वजन १८.४६२७ ग्रॅम. दुसरं १८.४६२७. तिसऱ्याच्या वेळी नेमकी गाडी आली, धोंडबा दारात गिलासांसाठी ओरडला आणि बाबुलालला शिंक आली.

१८.४६२७.

“हात तर दगडाचा आहे बाईचा!” मारोतराव म्हणाले.

सगळे साहेबांकडे पाहू लागले. साहेबांनी ओट्याकडे पाहिलं, पंख्याखालच्या आपल्या खुर्चीकडे पाहिलं, मग फॉर्मवरच्या पेन्सिलीच्या शेऱ्याकडे. त्यांनी घसा साफ केला. त्यांचे ओठ नेहमीप्रमाणे ‘ब’साठी मिटले.

“बाहेर काढा माझं टेबल,” साहेब म्हणाले. “आजपासून ही खोली तराजूची. आणि मारोतराव, ते खोडरबर द्या इकडे.”