मेहुण्याचा 'अ'

माणूस टेबलावर वाकला रे वाकला, की त्याची पूल या खेळातली लायकी आपल्याला कळते, असं चष्म्याच्या दुकानाचे मालक छातीठोकपणे सांगत. चेंडूला काठी लागायचीही गरज नाही!

"शितावरून भाताची परीक्षा करणारे पुष्कळ आहेत," ते म्हणत. "मी नुसत्या वाफेवरून करतो!"

क्लबातले सगळे खेळाडू हौशी. स्पर्धेआधी प्रत्येकाला अ, ब किंवा क असा दर्जा द्यायचा, आणि तो द्यायचं काम चष्मेवाल्यांचं. 'अ'वाला 'क'वाल्याशी खेळणार असेल, तर 'क'वाल्याचे तीन चेंडू सुरुवातीलाच टेबलावरून उचलून ठेवायचे, म्हणजे त्याने सातांऐवजी चारच चेंडू टेबलाच्या भोकांत घालवायचे, तेवढी सूट. त्यामुळे जो तो 'क' मिळवायला धडपडे. मागच्या वर्षी एका वकिलाने चाचणीत हात थरथरवून 'क' मिळवला आणि पुढे सगळ्यांना लोळवून करंडक घरी नेला. तेव्हापासून चष्मेवाले ताकही फुंकून पीत होते.

अशात त्यांचा मेहुणा क्लबात दाखल झाला. बायकोचा धाकटा भाऊ, गाद्यांच्या दुकानात विक्रेता. सगळे त्याला धाकटाच म्हणत. चाचणीत त्याचा पहिला फटका चेंडूच्या वरून हवेत गेला. दुसऱ्या फटक्याला पांढरा चेंडू उडाला तो थेट क्लबच्या चिटणीसबाईंच्या कॉफीत! तिसऱ्याला तर काठीच हातातून सुटली. सगळे पोट धरून हसले. चष्मेवाले हसले नाहीत. त्यांनी डोळे बारीक केले.

"एवढं वाईट खेळायला तयारी लागते!" ते गरजले. "मला फसवतोस? घे 'अ'!"

आणि फळ्यावर खडूने भला मोठा 'अ' लिहिला. धाकट्याचे डोळे भरून आले.

"भाऊजी, खरंच? शाळेतसुद्धा मला कधी 'अ' मिळाला नव्हता हो!"

घरी बायकोने कपाळावर हात मारला. "अहो, लहानपणी त्याने भिंतीवर फेकलेला चेंडू कधी भिंतीला लागला नाही!"

"म्हणजे तेव्हापासून नाटक करतोय!" चष्मेवाले म्हणाले.

आता खुद्द चष्मेवाल्यांनीच केलेला एक नियम होता. 'अ'वाल्याला जो बिनसूट हरवेल, तोही आपोआप 'अ' होणार. पहिल्या दिवशी वकिलाने सूट न घेताच धाकट्याला सहज हरवलं आणि जीभ चावली, कारण तो 'अ' झाला. मग न्हावी 'अ' झाला. विसरलेली छत्री न्यायला आलेल्या ग्रंथपालबाई गंमत म्हणून एक डाव खेळल्या, त्याही 'अ'! आठवडा संपेपर्यंत फळ्यावर जिकडे तिकडे 'अ'च 'अ', जणू बालवाडीचा वर्ग. उरलेले लोक धाकटा दिसला की मागच्या दाराने सटकू लागले.

"माझा दरारा बघितलात ना भाऊजी?" धाकटा कॉलर ताठ करत म्हणाला.

चिटणीसबाई दातांच्या डॉक्टर होत्या. दुखणं मुळापासून उपटायची त्यांना सवय. त्यांनी सरळ विचारलं, "त्याला 'क' देताय, की परीक्षकपद सोडताय?"

"मोडेन, पण वाकणार नाही! माझा शब्द म्हणजे शब्द!"

"मग त्याच्याशी तुम्हीच खेळा. तो जिंकला तर 'अ' खरा. हरला, तर खडू माझ्या हातात द्यायचा."

चष्मेवाले तावातावाने "हो" म्हणाले खरे, पण घरी जाताना त्यांना घाम फुटला. पद राखायचं तर हरायला हवं. तेही धाकट्याकडून! त्याच्याकडून हरणं म्हणजे डोंगर उचलण्याइतकं सोपं. पण ते डगमगले नाहीत. आयुष्यभर ढोंगी पकडले, एक दिवस ढोंग करता येणार नाही?

सामन्याला सारा क्लब लोटला. चष्मेवाल्यांनी पहिला फटका मुद्दाम वाकडा मारला. चेंडू दोन कडांना आपटून गुमान पॉकेटमध्ये गेला! टाळ्या पडल्या. दुसरा डोळे मिटून मारला, तोही गेला. तिसऱ्या वेळी त्यांनी शिंक आल्याचं सोंग केलं, तर एका फटक्यात दोन गेले! जन्मात असे खेळले नव्हते ते. धाकट्याचे सातही चेंडू मात्र जागच्या जागी.

एकच उपाय उरला. आपले चेंडू संपण्याआधी काळा चेंडू पॉकेटमध्ये गेला, की माणूस जागच्या जागी हरतो. "चुकून" काळाच घालवायचा! त्यांनी नेम धरला. काळा पॉकेटच्या तोंडापर्यंत गेला आणि थांबला. पुन्हा मारला, तर कडेला लागून परत आला. तिसऱ्या वेळी तो जाग्यावरच राहिला आणि भलताच चेंडू आत गेला. चष्मेवाल्यांना रडू यायचं बाकी राहिलं होतं.

धाकट्याने हातातली काठी टेबलावर ठेवली.

"भाऊजी, तुम्ही मुद्दाम हरताय."

"काहीतरीच काय!"

"चेंडू आत गेला की लोक हसतात. तुम्ही कपाळाला हात लावताय! मला हरवा ना खुशाल. रोजच हरतो मी, त्याचं काही नाही. पण माझ्याशी खोटं खेळू नका."

चष्मेवाल्यांना मेल्याहून मेल्यासारखं झालं. त्या क्षणी त्याला जवळ घेऊन माफी मागावी असं त्यांना मनापासून वाटलं. पण जीभ कुठली ऐकायला!

"ऐकलंत?" ते टेबलावर मूठ आपटून ओरडले. "इतक्या जणांत एकट्याने ओळखलं! हे येरागबाळ्याचं काम नाही! आहे की नाही हा 'अ'?"

"आहे ना," चिटणीसबाई शांतपणे म्हणाल्या. "असाच परीक्षक हवा होता आम्हाला."

त्यांनी चष्मेवाल्यांच्या खिशातला खडू काढला आणि धाकट्याच्या हातात दिला. टाळ्यांनी छत दणाणलं. धाकट्याने सर्वांत आधी स्वतःच्या नावापुढचा 'अ' पुसून 'क' लिहिला, आणि कोणीही हरकत घेतली नाही.

घरी बायको दारातच उभी होती. "काय झालं हो?"

"व्हायचंय काय!" चष्मेवाले चपला काढत म्हणाले. मान अजूनही ताठ होती. "मी काही हरलो नाही. डाव अर्धवट राहिला."

"आणि पद?"

"ते कुठे जातंय? घरातच आहे!"

बायकोने सगळी हकीकत वदवून घेतली आणि फोन उचलला.

"कोणाला लावतेस?"

"आईला. पद तुमच्या घरात नाही, माझ्या माहेरी गेलंय!"