ढब्याची साखर

"रंग कधी खोटं बोलत नाही!" हे चिमीच्या आईचं लाडकं वाक्य. तपासणी केंद्रात दिवसभर तेच काम. पट्टी बुडवायची, तक्त्याशी रंग जुळवायचा, निदान सांगायचं! डोळा इतका तयार की नवऱ्याचा वैताग कुठल्या छटेचा आहे, तेही ती लांबून ओळखायची.

त्या दिवशी घरभर सर्दी. सगळ्यांची नाकं गच्च! तीन वर्षांच्या चिमीला जराशी कणकण.

"लघवी तपासून टाकू, चुटकीसरशी होईल!" आईने ओढणी खोचली आणि केंद्रातून आणलेल्या पट्ट्या काढल्या. "अहो, तेवढी बाटलीत धरा."

नवरा गेला आणि लगेच बाटली नाचवत आला. "अगं, पॉटीत आधीच केली होती! शहाणी गं माझी बाय!"

पट्टी बुडाली. साखरेचा चौकोन निळ्याचा हिरवा झाला, हिरव्याचा तपकिरी. आईचा चेहरा मात्र पांढराफटक!

"किती आहे?" नवऱ्याने विचारलं.

"तक्त्यावरचे रंग संपले हो!"

सासूबाईंनी साखरेचा डबा, बिस्किटं, जॅम सगळं कपाटाच्या माथ्यावर चढवलं. "सांगत होते, गोड देऊ नका!"

"आई, चॉकलेट तुम्हीच देता!"

"मी? मी अर्धंच देते! दोनदा!"

"आमच्या घराण्यात कुणालाच साखर नाही," नवरा पुटपुटला.

"मग काय माझ्या माहेरून पार्सल आली?"

"हळू! पोर ऐकेल!" सासूबाई ओरडल्या. पोर सोफ्यावर उड्या मारत होती.

आईने दुसरी पट्टी बुडवली. तोच तपकिरी. तिने चिमीला घट्ट कवटाळलं, नाक बंद असूनही तिची मान हुंगली, आणि बाटलीसकट सारी वरात केंद्रात नेली.

तिथल्या डॉक्टरबाईंचं नाक ठणठणीत होतं. त्यांनी बाटलीचं झाकण उघडलं आणि भुवया वर चढवल्या. "अगं, हा सफरचंदाचा ज्यूस आहे!"

सगळ्यांनी नवऱ्याकडे पाहिलं.

"शप्पथ! मी पॉटीतूनच आणलं!"

"ती ढब्याची शू आहे," चिमी म्हणाली.

ढब्या म्हणजे तिच्या काखेतलं कापडी अस्वल. त्याला ज्यूस पाजलेला, मग पॉटीवर बसवलेलं, आणि उरलेला ज्यूस पॉटीत ओतून ढब्याला शाबासकीही दिलेली!

आई हसता हसता रडली, की रडता रडता हसली, कोण जाणे. पुष्कळ विनवण्यांनंतर चिमीने स्वतःची शू दिली. पट्टीवरचा चौकोन जसाच्या तसा निळाशार! आईने त्या निळ्याचा मुकाच घ्यायचा बाकी ठेवला.

"तरी मॅडम, रंग खोटं नव्हता बोलला," ती चाचरत म्हणाली.

"मुळीच नाही! अस्वल ते, मध खाणारं. साखर निघणारच!"

संध्याकाळी सासूबाईंनी कपाटाच्या माथ्यावरून गुपचूप चॉकलेट काढलं. अर्धं चिमीला, अर्धं ढब्याला.

चिमीने दोन्ही तुकडे उचलले.

"ढब्याला साखर आहे ना, आजी! त्याचं पण मीच खाते."