काळज्या मागणारे एझ्राकाका

लोक शेजाऱ्याकडे विरजण मागतात, आमचे एझ्राकाका काळजी मागायचे. सकाळी सकाळी दार वाजवून, "काय गं वर्षा, आज काय काळजी?"

वर्तकनगरच्या आमच्या इमारतीत ते समोरच्या घरात एकटेच राहायचे. बेने इस्रायल, म्हणजे पिढ्यान्‌पिढ्या कोकणातले ज्यू. मराठी माझ्यापेक्षा शुद्ध. निवृत्तीनंतर त्यांना कबालाचा, म्हणजे ज्यूंच्या गूढविद्येचा, नाद लागला. रीत सोपी. डोळे मिटून देवाच्या नावाची चार हिब्रू अक्षरं समोर आणायची, एकेका अक्षरावर एक श्वास. नाव उच्चारायचं नाही, नुसतं बघायचं. मग काळजी देवाच्या हवाली करून म्हणायचं, "सोपवलं!"

इमारतीने त्यांना काय काय दिलं! पाण्याचा टँकर, जावयाचा व्हिसा, कांबळेंच्या पोराची दहावी. शनिवारी मात्र दुकान बंद. "शब्बाथ आहे, विश्रांतीचा वार. आजची काळजी तुझी तूच सांभाळ." एवढा भरवसा, पण बाहेर पडताना कुलूप तीनतीनदा ओढून बघायचे. मी टोकलं तर म्हणाले, "भरवसा देवावर आहे गं, कुलपावर नाही."

मला हे सगळं थोतांड वाटायचं, खोटं कशाला सांगू! एकदा माझ्या लेकीला डोंबिवलीहून यायला उशीर झाला, फोनही बंद. माझ्या येरझाऱ्या चाललेल्या आणि काका जिन्यात डोळे मिटून बसलेले. मी भडकलेच. "काका, त्यापेक्षा नाक्यावर जाऊन बघा ना!" ते मुकाट्याने उठले आणि नाक्यावर पाऊण तास उभे राहिले. लेक त्यांच्याबरोबर घरी आली तेव्हा मलाच बजावलं, "ओरडू नकोस तिला. आधी जेवायला वाढ."

मग इमारत पुनर्विकासाला गेली. एकेक बिऱ्हाड हललं. आमचं सामान घोडबंदर रोडला निघालं त्या दिवशी काका टेम्पोपाशी आले.

"फोन करत जा. चांगल्या बातम्या आईला सांग. मला काळज्या सांग."

"तुमची स्वतःची कधी सांगितली नाहीत, काका?"

"असायला नको? ही गेली, पोरंबाळं नाहीत. अक्षरं समोर यायची आणि सोपवायला कुणाची काळजीच नसायची. म्हणून तर तुमच्या दारात यायला लागलो."

मी म्हटलं, "मग ही एक घ्या. आमचे एक शेजारी आहेत. आता अगदी एकटे पडणार."

काकांनी टेम्पोतली कललेली गादी सरळ केली. "आमच्यात माणसासाठी मागताना त्याच्या आईचं नाव घ्यावं लागतं," ते म्हणाले. "पण स्वतःसाठी मागायला जीभ वळत नाही. तूच माग."

वीस वर्षं समोरासमोर राहून हे मी कधी विचारलं नव्हतं. लाज वाटली.

"काय नाव होतं आईचं?"

"सारा."

टेम्पोवाला हॉर्न मारत होता. मला हिब्रूचं एक अक्षर येत नाही. मी तिथंच रस्त्यात डोळे मिटले आणि मनात म्हटलं, साराचा एझ्रा.