एक सूत शिवण

सोपान हवालदाराच्या दुकानात मशीन आली त्या दिवशी त्यानं नारळ फोडला, पेढे वाटले आणि दिवस मावळायच्या आत तीन सुया मोडल्या.

पलटणीत पंधरा वर्षं त्यानं जीपच्या सीटा शिवल्या होत्या. पण त्या दाभणानं. कराडला घराच्या पुढच्या खोलीत दुकान घातल्यावरही दाभणावरच भागत होतं. मग साखर कारखान्याच्या विश्रामगृहाचे सहा सोफे त्याच्याकडं आले. तिथल्या साहेबांनी मुंबईत कुठंतरी पाहिलं होतं, तसं त्यांना हवं होतं : गादीच्या कडेनं दोरी घालून केलेला गोट, आणि दोरीपासून बरोबर एक सूत अंतरावर शिवण. एक सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग. म्हणून सोपाननं पुण्याहून ही रेक्झीनचे चार पदर एका दमात शिवणारी जुनी मशीन आणली. ती शिवायची खरी, पण तिची शिवण नव्यानं सायकल शिकणाऱ्यासारखी एकदा दोरीवर चढायची, एकदा अर्धा इंच लांब पळायची.

"आवं, मिस्त्री बोलवा की," बायको लीलाबाई म्हणाली. "मिरजंला हाय म्हनं एक."

सोपाननं एस्टीच्या ड्रायव्हरबरोबर निरोप धाडला आणि तिसऱ्या दिवशी लालासाहेब मिस्त्री आला. वय तिशीचं, अंगात टेरिकॉटचा शर्ट, केसांचा कोंबडा, आणि खिशाला पेन लावावं तसा स्क्रू ड्रायव्हर. त्यानं रेक्झीन दाबून धरणारा मशीनचा रुंद पाय काढून एका बाजूचा, अरुंद पाय बसवला. सुईशेजारी एक सूत अंतर धरून लोखंडी पट्टी आवळली. दोऱ्याचा ताण धरणारी चकरी, तिला कान लावल्यासारखं वाकून, फिरवली. अर्ध्या तासात शिवण भांग पाडल्यासारखी सरळ येऊ लागली.

सोपान बसायला पुढं झाला, तर मिस्त्री म्हणाला, "दादा, तुमी नगं. तुमी लय रेटताय. ह्या मशीनला जोर लागत न्हाई, हात लागतो. वयनी, तुमी बसा बगू."

लीलाबाई बसली. गोट झरझर सरकला.

"वा! काय हात हाय वयनींचा!"

चौदा वर्षांच्या संसारात लीलाबाईच्या हाताबद्दल सोपान एकदाच बोलला होता, आणि तेही आमटीत मीठ जास्त पडलं तेव्हा. ती लाजून हसली. सोपाननं दाभण उचललं आणि उगाच एका जुन्या सीटेत खुपसलं.

दुपारी मिस्त्रीला शेवयांची खीर झाली. मागच्या सोप्यात सोपानची आई राहीबाई मिस्त्रीसमोर बसून कायबाय बोलत होती. पण सोपान बघत होता तो लीलाबाईचा वाढणारा हात. जावयाला वाढावी तशी खीर पडत होती.

चौथ्या दिवशी शिवणीखाली दोऱ्याची गुंतवळ यायला लागली. सोपाननं पलटणीतलं सगळं ज्ञान पणाला लावलं, आणखी दोन सुया मोडल्या. पुन्हा निरोप, पुन्हा लालासाहेब, चकरीला दोन फेरे आणि पुन्हा खीर. पुढल्या आठवड्यात पट्टीच सैल झाली. लालासाहेब यायच्या सकाळी लीलाबाई हिरवं लुगडं नेसली.

"आज काय सण हाय व्हय?" सोपाननं विचारलं.

"दुसरं वाळत घातलंय."

वाळत घातलेलं लुगडं त्यानं जाऊन चाचपलं. ते ओलं होतं. पण मुद्दाम भिजवलं नसेल कशावरून?

मग त्यानंही कंबर कसली. मिशांना काजळ लावलं आणि भर मे महिन्यात हवालदारीच्या फितीचा लोकरीचा स्वेटर घालून तो मशीन आणि बायको यांच्या मधोमध बसला. घामाबरोबर काजळ हनुवटीपर्यंत आलं.

"दादा, थंडीताप आलाय का?" मिस्त्रीनं काळजीनं विचारलं.

मशीन आपण घरात नसतानाच बिघडते, हे सोपानच्या ध्यानात आलं होतं. सोफे न्यायला चार दिवस उरले होते, आणि सोफ्यांपेक्षा त्याला दुसरीच काळजी लागली होती. सकाळी "साताऱ्याला रेक्झीन आनाया चाललोय" असं मोठ्यानं सांगून तो निघाला, बोळातून मागं फिरला, आणि दुकानातल्या काथ्याच्या ढिगात शिरून बसला.

थोड्या वेळानं लीलाबाई आली. मशीनवर बसून तिनं अख्खा एक गोट शिवला. सोपान श्वास रोखून बघत होता. आता तिचा हात चकरीकडं जाणार! पण ती उठली, कंबर ताठ केली आणि आत गेली.

मग राहीबाई आली. तिनं दाराकडं पाहिलं, आतल्या खोलीकडं पाहिलं, चकरीला दोन उलटे फेरे दिले आणि मशीनच्या पाठीवर म्हशीला थोपटावं तसं थोपटलं.

"आये!" असं ओरडायला सोपाननं तोंड उघडलं, ते काथ्यानं भरलं, आणि ओरडण्याऐवजी प्रचंड शिंक आली.

"चोर! चोर!" म्हातारी किंचाळली. लीलाबाई केरसुणी घेऊन धावली आणि तिनं ढिगावर पाच-सात तडाखे हाणले तेव्हा कुठं तिला ओळखीचा आवाज ऐकू आला.

"अगं, मी हाय!"

केसांत काथ्या घेऊन सोपान उभा राहिला. "आये, तू मशीन बिघडिवतीस?"

"मग काय करू?" राहीबाई उलट त्याच्याच अंगावर आली. "माजं म्हायेर मिरजंजवळचं बेडग. लालासाहेब आमच्या आळीतला, आत्ती म्हनतो मला. भाऊ गेल्यापास्नं एकोनीस वर्सांत म्हायेरचं कुत्रं दारात आलं न्हाई. ह्यो येतो, कुनाची सून बाळतीन झाली, कुनाच्या हिरीला पानी लागलं, समदं सांगतो. तू नेलंस का कवा मला? म्हनून म्या हिला म्हनलं, खीर कर, भरपूर वाढ. म्हायेरचा मानूस हाय."

सोपान केसांतला काथ्या उपटू लागला.

"आन तुमी काथ्यात काय करत हुता?" लीलाबाईनं विचारलं.

"उंदीर," सोपान म्हणाला. "लय उंदीर झाल्यात."

लीलाबाईनं त्याच्याकडं नीट पाहिलं. मग मिशांवरच्या काजळाच्या पुसट रेघेकडं पाहिलं. केरसुणी कोपऱ्यात ठेवून ती आत गेली.

सोफे वेळेवर गेले, आणि साहेबांनी शिवणीवरून बोट फिरवून मान डोलावली. त्याच आठवड्यात सोपान आईला स्वतः बेडगला पोचवून आला, चांगलं पंधरा दिवसांसाठी.

परतल्यावर दुसऱ्या दिवशी तो एका जीपची सीट घेऊन बसला. चार टाके पडले आणि खाली गुंतवळ आली. त्यानं चकरीकडं पाहिलं. घरात आता दोघंच होती.

"बिघडली व्हय?" लीलाबाई दारात उभी होती. हिरवं लुगडं नेसलेली. "मिरजंला निरोप धाडू का?"

"नगं!" सोपान इतक्या जोरात ओरडला की रस्त्यावरचा माणूस थांबून आत बघू लागला.

लीलाबाईनं पदर तोंडाला लावला आणि हसू आवरत ती आत शेवया काढायला गेली.