बगळेआजोबांची चोच आणि नवं आरोग्य केंद्र

एका जंगलात, बाळांनो, काटे फार आणि काटे काढणारा एकच. तो म्हणजे म्हातारा बगळा. कुणी लंगडत आलं की तो म्हणायचा, "वर बघ, ढग मोज." दुसरा ढग मोजेपर्यंत काटा त्याच्या चोचीत असायचा.

एकदा सिंहमहाराज शेजारच्या जंगलाचा अभ्यासदौरा करून आले. आल्या आल्या बगळ्यावर डाफरले, "तुमच्या कामात नावीन्य नाही!"

"काट्यांतही नाही, महाराज," बगळा म्हणाला. "फक्त हत्तीचा काटा माझ्या चोचीला दाद देत नाही. जोडीला एक माकड द्या. तिथे बोटंच लागतात."

"किती कोता विचार! आम्ही सर्वांनाच प्रतिनिधित्व देणार."

आणि दिलं की! नवं आरोग्य केंद्र उघडलं. बादलीतला मासा तिथे सल्लागार झाला. तातडीची सेवा कासवाकडे गेली. वटवाघळाने नवी उपचारपद्धती आणली, रुग्णाला उलटं टांगायची. माकडाला मात्र उद्घाटनाच्या फिती कापायला नेमलं. बगळा केसपेपर लिहू लागला. चोच वापरायची त्याला सक्त मनाई, कारण ती पद्धत जुनी.

तिसऱ्या दिवशी एक हरणी लंगडत आली. "आजोबा, लवकर काढा हो! पाणवठ्यावर बिबट्या ठाण मांडून बसलाय. मला पळता आलं पाहिजे."

बगळ्याने सवयीने मान पुढे केली.

"चोच आवरा!" वटवाघूळ खेकसलं. "आधी समिती बसू दे."

समिती बसली. माशाने विचारलं, "पाय म्हणजे नक्की काय?" त्यावर दुपारपर्यंत चर्चा झाली. मग हरणीला उलटं टांगलं, उतरवलं आणि हातात अभिप्रायाचा अर्ज दिला. कासव तातडीने निघालं होतं, ते अजून वाटेत होतं.

"आणि काटा?" हरणीने विचारलं.

"पुढच्या मंगळवारी या," वटवाघूळ म्हणालं.

तिला तहान लागली होती. ती लंगडतच पाणवठ्याकडे गेली.

मंगळवारी बगळ्याने तिचा केसपेपर सगळ्यांत वर काढून ठेवला. संध्याकाळपर्यंत तो दाराकडे बघत बसला. हरणी आली नाही. सांगतानासुद्धा माझं डोकं फिरतं, बाळांनो.

वटवाघळाने केसपेपर ओढून घेतला आणि शेरा मारला, 'रुग्ण पुन्हा आली नाही. सबब बरी झाली.'

त्या वर्षी केंद्राला पारितोषिक मिळालं. शिफारसपत्र बिबट्याचं होतं. 'सेवेबाबत पूर्ण समाधानी आहे,' एवढंच त्याने लिहिलं होतं.

तात्पर्य: आरोग्य केंद्र कसं चाललंय हे रुग्णांना विचारू नये, ते उगाच लंगडत असतात. बिबट्याला विचारावं.