रकाना क्रमांक अकरा

जगात जो काही गोंगाट होतो तो नेहमी दुसरा करतो, हे सत्य सर्व धर्मांना, सर्व पक्षांना आणि सर्व गृहनिर्माण सोसायट्यांना मान्य आहे. आपल्याकडून होतो तो कार्यक्रम.

दिल्लीत मयूर विहारच्या ‘नवसह्याद्री’ सोसायटीतले भाऊसाहेब हे सत्य कोळून प्यायले होते. आठवड्याचे पाच दिवस ते एका मंत्रालयात कक्ष अधिकारी असत आणि रविवारी ढोल-ताशा पथकाचे प्रमुख. पथकात बेचाळीस ढोल, सहा ताशे आणि एक ध्वज (वाऱ्याअभावी बहुधा गुंडाळलेला). दर चौदा जानेवारीला पथक बसनं पानिपतला जाई आणि काला अंबच्या युद्धस्मारकापाशी वीरांना मानवंदना देई. तिथे दोन मिनिटं शांत उभं राहावं, अशी सूचना एका सदस्यानं एकदा केली होती. ते सदस्य आता दुसऱ्या सोसायटीत राहतात.

यंदा नेमकं चौदा जानेवारीवर संकट आलं. ‘कोल्ड फर्नेस’ नावाचा परदेशी इंडस्ट्रियल मेटल बँड नव्या अल्बमच्या जागतिक दौऱ्यावर निघाला होता. तेवीस देश, एकेचाळीस शहरं, आणि त्यांत एकोणतिसावं दिल्ली, म्हणजे खरं तर नोएडा, म्हणजे खरं तर सोसायटीपासून दीड किलोमीटरवरचं मैदान. वाद्यं : गिटार, ड्रम, लोखंडी पिंपं, साखळदंड आणि भिंत फोडायचं मशीन. मुलीच्या मोबाइलवर त्यांचं एक गाणं ऐकून भाऊसाहेबांना ते ओळखीचं वाटलं. वरच्या मजल्यावरचे चोप्रा आठ महिने तेच वाजवत होते. फक्त ते त्याला बाथरूमचं काम म्हणत.

पण भाऊसाहेबांचं दुखणं गाण्याचं नव्हतं, मुलीचं होतं. रेवती बावीस वर्षांची, जन्म दिल्लीचा. तिच्या तोंडची मराठी शब्दाशब्दानं गळत चालली होती. ‘तेरवा’ गेला, ‘उंबरठा’ गेला, ‘किल्ली’ची चाबी झाली. उरला होता ताशा. तिच्या काड्या पडल्या की बेचाळीस ढोल एका ठेक्यात उठत. ती नसली की बेचाळीस जण एकमेकांकडे बघत. आणि तिनं चौदा जानेवारीचं तिकीट काढलं होतं. ताशाही गेला तर पोरीत आपलं असं काय राहणार, ही भाऊसाहेबांची धास्ती. दुसरा एखादा बाप मुलीशी बोलला असता. भाऊसाहेबांची सत्तावीस वर्षं सरकारी नोकरीत गेली होती. त्यांनी अर्ज केला.

कार्यक्रम रद्द व्हावा यासाठी आवाजाच्या खात्याकडे गेलेला हा अर्ज नऊ पानांचा होता. ज्यांना बाधा पोहोचेल त्यांची यादी सोबत जोडली होती : ज्येष्ठ नागरिक एकोणीस, परीक्षार्थी सात, कबुतरं (अंदाजे), आणि मराठी संस्कृती (एकूण). रकाना क्रमांक अकरा असा होता : ‘तक्रारदार स्वतः अशा स्वरूपाचा आवाज करतो काय?’ भाऊसाहेबांनी स्वच्छ मनानं लिहिलं, ‘नाही’. ढोल म्हणजे आवाज नव्हे, हे शेंबडं पोरही सांगेल. बारावा रकाना तपासणीच्या सोयीच्या वेळेचा होता. तिथे त्यांनी ‘रविवार, सकाळी अकरा’ असं लिहिलं.

‘अहो, अकराला तर तुमची प्रॅक्टिस असते ना?’ त्यांच्या पत्नी हेमलताबाईंनी विचारलं.

‘बिल्कुल! म्हणून तर. सगळे साक्षीदार एका जागी मिळतील.’

रविवारी लोकरी टोपी घातलेले निरीक्षक यंत्र घेऊन हजर झाले. नियम असा, की तक्रारीच्या जागची मूळ शांतता आधी मोजायची आणि बाहेरचा आवाज तिच्यात किती भर घालेल ते मग ठरवायचं.

‘पहले आपकी शांति नापनी पड़ेगी जी,’ निरीक्षक म्हणाले.

भाऊसाहेबांना भरून आलं. सरकार स्वतः चालत दारी आलं होतं. आता सरकारी पाहुण्याला कोरडं परत पाठवणं नवसह्याद्रीच्या रीतीत बसत नाही. शाल झाली, श्रीफळ झालं, आणि मग सलामी. नेहमीची सलामी सात मिनिटांची. पाहुण्याचं पद बघून भाऊसाहेबांनी ती अकरा मिनिटांची केली. रेवतीनं त्या दिवशी ताशा असा वाजवला की चोप्रांचे मिस्त्री मशीन बंद करून गॅलरीत आले (आठ महिन्यांत पहिल्यांदा).

निरीक्षकांनी श्रीफळ काखेत धरून आकडा लिहिला : एकशे चौदा डेसिबल.

पंधरवड्यानं दोन आदेश आले. पहिला बँडबद्दल : मंचापाशी कमाल मर्यादा अठ्ठ्याण्णव डेसिबल, सोसायटीपर्यंत पोहोचेल तो एकतीस; सबब ‘प्रस्तुत कार्यक्रमामुळे तक्रारदाराच्या शांततेत कोणतीही भर पडत नाही’. परवानगी मंजूर. दुसरा पथकाबद्दल : सराव बंद, वाद्यं पुढील आदेशापर्यंत जमा. खोटं कशाला सांगा, आकडे वाचून क्षणभर भाऊसाहेबांची छाती फुगली. तेवीस देश पालथे घालणाऱ्यांपेक्षा आपण सोळानं पुढे होतो. मग त्यांनी बस रद्द केली.

चौदा जानेवारीला दुपारी रेवती काळं जॅकेट चढवून बाहेर आली.

‘बाबा, मी दोन्हीकडे जाणार होते, यार. सकाळी पानिपत, शामको कॉन्सर्ट. वापसीची टॅक्सी पण बुक केली होती.’

‘मग बोलली का नाहीस?’

‘तुम्ही विचारलं कुठे? अर्ज केलात.’

तिनं बॅगेतून ताशाच्या काड्या काढल्या, टीव्हीशेजारी ठेवल्या आणि गेली.

घर गप्प झालं. मैदान दीड किलोमीटरवर होतं, पण कान देऊनही भाऊसाहेबांना तिकडचं काही ऐकू येईना. आदेशातला आकडा अचूक होता. ती शांतता त्यांना सोसवेना. संध्याकाळी सातला वरच्या मजल्यावर चोप्रांचं मशीन सुरू झालं तेव्हा कुठे त्यांच्या जिवात जीव आला. त्यांनी चष्मा पुसला, चोप्रांविरुद्ध कोरा अर्ज समोर ओढला आणि दहा रकाने भरून अकराव्यात लिहिलं, ‘नाही’.

हा अर्ज विनामूल्य मिळतो. गेल्या वर्षी खात्याकडे असे चौदाशे सहा अर्ज आले आणि अकराव्या रकान्यात चौदाशे सहा वेळा ‘नाही’ आढळलं. आपणही एखादा नेऊन ठेवावा. नाव, पत्ता सावकाश भरा. अकरावा रकाना तर हे वाचता वाचता तुमचा भरूनही झाला आहे.